सरळ घरी जा

हजेरी घेताना मी कधी वर बघत नसे. सवय वाईट होती आणि ते मला तेव्हाही कळत होतं, पण एकतीस मुलांचे डोळे एकदम आपल्याकडे वळले की माझी जीभ अडखळे. म्हणून रजिस्टर समोर धरायचं, बोट एकेका नावाखाली न्यायचं, नाव वाचायचं आणि "प्रेझां", म्हणजे हजर, असं ऐकू आलं की खूण करायची. आवाज आला म्हणजे मूल आहे, असा माझा हिशेब होता.

हे १९५८ सालचं. मी मूळचा रोझ बेलचा. नोकरी मिळाली ती आमच्या बेटाच्या दक्षिणेला, सुरिनाम गावाच्या वरच्या अंगाला उसात वसलेल्या एका लहान शाळेत. पहिलीचा वर्ग मला दिला होता आणि तोच वर्ग पुढच्या वर्षी दुसरीत माझ्याकडेच आला. त्यामुळे त्या मुलांची नावं मी दीड वर्ष रोज वाचत होतो. चेहरे मात्र नीट ओळखत होतो असं म्हणवत नाही.

सतराव्या नंबरला सत्यवती होती. तिच्या कागदावर जन्मसाल १९५० होतं, पण अंगानं ती पाच-सहा वर्षांची वाटे. बाकावरून पाय लोंबकळत. पहिलीत आली तेव्हा तिचं नाव वाचलं की काही वेळ शांतता असे, मग शेजारची वत्सला तिला कोपरानं ढोसत असे आणि मग बारीक आवाजात "प्रेझां" येई. मला वाटे, कानानं कमी ऐकत असेल, आईला विचारायला हवं. पण परक्या बाईशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं, या विचारातच वर्ष गेलं.

दुसरीच्या वर्षी मे महिन्यात मुलांना नदीवर न्यायचं ठरलं. ते मीच सुचवलं होतं. निसर्ग-अभ्यासाच्या एका पुस्तकात चित्र होतं: झाडाखाली बसलेली मुलं, मध्ये मास्तर, मास्तराच्या हातात पान. ते चित्र मला फार आवडे. आमच्या शाळेपासून दीड मैलावर नदी होती. लाकडी पूल ओलांडला की पलीकडच्या काठानं वाट होती, आणि नदीच्या वळणावर जांभळाचं मोठं झाड.

हेडमास्तरांनी परवानगी दिली. ते क्रेओल माणूस, मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. म्हणाले, "आयो गोवर्धन, तू वर्गात मुलांना पाणी प्यायला सोडायला घाबरतोस, आणि नदीवर नेतोस?"

"जोड्या लावतो, मिसिए. हात धरून चालतील."

"जोड्या लाव. आणि पोरं मोज. रजिस्टरात नाही. डोकी मोज, डोकी."

मी हो म्हटलं आणि रजिस्टर काखेत मारून निघालो.

ऊस तेव्हा तोडणीला आला नव्हता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर दीड हात गेलेला, शेंड्याला पांढरे तुरे. मध्ये मळ्यातून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे. त्यांच्या कडेला लाल पेरूंची झुडपं पिकली होती. मुलं भलत्याच आनंदात होती. इंद्रदेव नावाचा एक पोरगा प्रत्येक पान तोडून माझ्यापुढे नाचवत होता.

"मिसिए, हे खाल्लं तर माणूस मरतं?"

"खाऊन बघ," मागून वत्सला म्हणाली, "आम्ही मिसिएला सांगतो."

सगळी हसली. मीसुद्धा. वत्सलेच्या हातात सत्यवतीचा हात होता. ती हसली नाही, पण तिनं वर माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीनं नजर दुसरीकडे वळवली.

जांभळाखाली आम्ही बसलो. पाव आणि चटणी खाल्ली. झाडाच्या बुंध्याशी बोटभर उंचीचे गुळगुळीत दगड गोल मांडून ठेवलेले होते. कुणा मुलांनी खेळून ठेवले असतील असं मला वाटलं. मी त्याच्या जवळच बसलो, पुस्तकातल्या मास्तरासारखा, आणि पानाला शिरा कशा असतात ते दाखवलं. मग मुलं उथळ पाण्यात कामारों शोधायला गेली. नदीतल्या त्या मोठ्या कोळंबीला आमच्याकडे तेच नाव. कुणालाच सापडली नाही. सगळ्यांचे हात-पाय ओले झाले.

दीड वाजता मी सगळ्यांना झाडाखाली बोलावलं आणि रजिस्टर उघडलं. पाण्याचा आवाज होता, म्हणून नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचलं. एक, दोन, तीन. सतरा नंबरला मी "सत्यवती" म्हटलं आणि लगेच उत्तर आलं, "प्रेझां." कुणी ढोसायची गरज पडली नाही. आवाज स्पष्ट होता. मला तर बरंच वाटलं, पोरगी मोकळ्या हवेत धीट झाली. मी खूण केली. एकतीसच्या एकतीस खुणा झाल्या. मग जोड्या लावल्या आणि आम्ही निघालो.

शाळेच्या फाटकात हेडमास्तर उभे होते. मुलं आत शिरताना ते प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारत होते. शेवटची टपली मारली आणि म्हणाले, "तीस."

"एकतीस आहेत, मिसिए. मी हजेरी घेतली."

"मी टपल्या मारल्या," ते म्हणाले. "तीस."

वत्सला एकटी उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. "तुझी जोडी कुठे?"

"होती ना, मिसिए. पुलापर्यंत हात धरला होता."

"मग?"

"पुलावर आलो तेव्हा तिनं सोडला."

"तू सांगितलं का नाहीस?"

ती रडायला लागली. "मला वाटलं ती मागून येतेय. तिचा हात ओला होता, मिसिए. सारखा निसटत होता."

हेडमास्तरांनी माझ्यावर ओरडायला तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि ओरडले नाहीत. सायकल काढून पोलीस चौकीकडे गेले. मी नदीकडे धावलो. रजिस्टर अजून काखेतच होतं. वाटेत उसातलं गवत काढणारी चार माणसं भेटली, तीही आली.

त्या दुपारी माझ्या मनात एकच गोष्ट होती: सात वर्षांची पोर नदीवर एकटी आहे आणि तिला मी तिथे ठेवून आलो आहे. पुलावरून मी ओरडायला लागलो. मी, ज्याला वर्गात मोठ्यानं बोलता येत नसे. "सत्यवती! सत्यवती!" माणसांनीही तेच नाव धरलं. ऊस वाऱ्यानं सळसळत होता आणि त्यातून काही ऐकू येणं कठीण होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. "प्रेझां." पाण्याच्या बाजूनं. आम्ही तिकडे धावलो. काठावर कुणी नव्हतं. पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर, आता जांभळाच्या दिशेनं. तिथे गेलो, तिथेही कुणी नाही. त्या माणसांपैकी म्हातारा होता तो थांबला. टोपी काढली आणि परत घातली. "मास्तर," तो म्हणाला, "जिला बोलवताय ती ओ देतेय. पन येत नाय. ह्ये काय बरोबर नाय."

तेवढ्यात पुलावरून एक बाई धावत आली. डोक्यावरचा पदर गळ्यात आला होता. सत्यवतीची आई, गंगा. मी तिला शाळेच्या फाटकाशी लांबून पाहिली होती. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या काखेतलं रजिस्टर हिसकावून जमिनीवर आपटलं.

"तोंड मिटा! नदीवर ते नाव घेऊ नका!"

"अहो बाई, तुमची मुलगी—"

"माज्या पोरीचं नाव हिरा हाय."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती धापा टाकत खाली बसली आणि जांभळाच्या बुंध्याकडे, त्या गोल दगडांकडे हात केला. "सत्यवती तय हाय. सात वर्सं झाली."

मग तिनं सांगितलं. मोठ्यानं नाही, मला एकट्यालाच. पहिली मुलगी सत्यवती, चौदा महिन्यांची, तापानं गेली. पावसाचे दिवस होते, सरकारी कचेरी लांब, मृत्यूची नोंद करायला कुणी गेलंच नाही. लहान मूल जाळत नाहीत. सासऱ्यानं तिला नदीच्या पलीकडे नेऊन पुरलं, कारण पाण्यापलीकडे ठेवलेलं मूल परत घराकडे वळत नाही, असं घरात मानत. पुढे हिरा झाली. सासरा म्हणाला, पोरीचा कागद घरात आहेच, दुसरा कशाला करायचा, सरकारला काय, पोर ती पोर. शाळेत घालताना तोच कागद दाखवला. हिराला घरून सांगितलं, शाळेत त्या नावाला ओ द्यायची.

"दीड वरीस तुमी रोज तिला बोलवताय, मास्तर," गंगा म्हणाली. "रोज. नाव घेऊन. शाळेत होतं तवर ठीक, शाळा पाण्याच्या अल्याड हाय, तिला कुठून ऐकू येनार. आज तुमी तिच्या उशाशी बसून हजेरी घेतलीत."

मी शिकलेला माणूस. मला सांगायचं होतं की मुलं एकमेकांसाठी "प्रेझां" म्हणतात, वत्सलेनं म्हटलं असेल. ते खरंही असेल. आजही मी स्वतःला तेच सांगतो. पण वत्सला तर शाळेत होती, आणि मी आत्ताच दोनदा उत्तर ऐकलं होतं.

"हिराला हाक मारतो," मी म्हणालो.

"थांबा. आधी हिला सोडा. ती हय उभी असताना माजी पोर कशी येईल? ती तुमचं ऐकते. तुमी बोलावलीत, तुमीच सुट्टी द्या."

"मी? काय म्हणू?"

"शाळा सुटली की काय म्हनता?"

ऊन तुऱ्यांवर चढलं होतं, खाली सावली झाली होती. ती चार माणसं माझ्याकडे बघत होती. एकानं तोंड दुसरीकडे फिरवलं, हसू दाबायला की भीतीनं, मला कळलं नाही. असं वाटलं की हे केलं तर मी मास्तर राहणार नाही, आणि नाही केलं तर त्या बाईची मुलगी परत मिळणार नाही. मी रजिस्टर उचललं. त्याच्यावरची माती पुसली. हातात रजिस्टर असलं की मला थोडं बोलता येई.

जांभळाच्या समोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा नाव घेताना वर बघितलं. समोर फक्त झाड होतं.

"सत्यवती," मी म्हणालो, "वर्ग सुटला. इकडेतिकडे रेंगाळायचं नाही. सरळ घरी जा."

रोज चार वाजता मी एकतीस मुलांना हेच सांगत असे. दुसरं काही मला सुचलंच नाही.

वारा पडला असं म्हणणार नाही. ऊस आधीसारखाच सळसळत होता. गंगा उठली, डोळे पुसले आणि ओरडली, "हिरा! ए हिरा!"

पन्नास पावलांवर दगडांचा ढीग होता. त्याच्या मागून हिरा बाहेर आली. फ्रॉकच्या ओच्यात लाल पेरू, तोंडाला रस, एका गुडघ्याला खरचटलेलं. आईनं तिला आधी एक धपाटा घातला आणि मग उराशी धरली. पेरू सगळीकडे घरंगळले.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "तू इथे होतीस सगळा वेळ?"

तिनं मान डोलावली.

"आम्ही हाका मारत होतो. ऐकू आल्या?"

"आल्या."

"मग ओ का दिली नाहीस?"

ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतो आहे. "तिनं दिली ना," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी मला नोकरीवर ठेवलं. त्यांनी चौकीत सांगितलं, मूल पेरू खात बसलं होतं, मिळालं. मला सांगितलं, "पुढच्या वेळी डोकी." पुढची वेळ आली नाही. मी मुलांना पुन्हा कधी नदीवर नेलं नाही.

सोमवारी हजेरीला सोळा नंबर वाचला आणि थांबलो. सतरा नंबरचं नाव खोडता येत नव्हतं. खोडलं असतं तर हिराचा कागद, इयत्ता, परीक्षा सगळंच गेलं असतं. म्हणून मी ते मनातही न वाचता खूण केली आणि वर बघून म्हणालो, "हिरा." तिचे पाय बाकाखाली हलले. "प्रेझां, मिसिए," ती म्हणाली. कुणी ढोसलं नाही. वर्गात एक-दोघं हसली, वत्सलेनं त्यांना गप्प केलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गंगा आली. केळीच्या पानात गुंडाळून गोड पोळ्या आणल्या होत्या. आभार मानायला आली असेल असं वाटून मी अवघडून गेलो. ती दारातच उभी राहिली.

"मास्तर, तुमी तिला घरी जा म्हनालात."

"हो."

"कुठल्या घरी ते सांगितलं नाय."

मी बाकावर बसलो, मुलांच्या बाकावर.

"हिरा रोटीचे दोन तुकडे करते," गंगा म्हणाली. "एक खाते, एक ठेवते. सांजेला धडा म्हनते. एक ओळ म्हनते, थांबते. मग तिसरी ओळ म्हनते. मधली ओळ मला ऐकू येत नाय. तिला येते. कारन मधेच म्हनते, नाय गं, चुकलीस, परत म्हन."

"मी पुन्हा पुलावर जातो," मी म्हणालो. "आज जातो. नीट सांगतो. तिला परत... पलीकडे..."

गंगानं पानाची गाठ सोडली आणि परत बांधली. बराच वेळ ती तेच करत राहिली.

"पान्यापल्याड तिला मी नव्हती ठेवली," ती शेवटी म्हणाली. "सासऱ्यानं ठेवली. मला इचारलं नाय. बाळंतीन नव्हते, आजारी नव्हते, घरात उभी होते, तरी नाय इचारलं. तुमी मला इचारताय म्हनून सांगते. नको. ऱ्हाऊ द्या."

"आणि हिरा?"

"हिराला तरास नाय. तुमी बघताच की."

ती गेली. पोळ्या मी खाऊ शकलो नाही, आणि टाकूही शकलो नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना वाटल्या. हिरानं दोन मागितल्या. मी दिल्या.

मी तेव्हा पुलावर जायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका आईचं मी ऐकलं, की बोलायची भीती होती म्हणून सोपी वाट धरली? हिरा चांगली शिकली. सहावीची परीक्षा बहिणीच्या कागदावर पास झाली. लग्न करून बों अक्योय गावाकडे गेली, असं कानावर आलं. तिची चौकशी करायचं मला कधी धाडस झालं नाही.

पण दुसरीची ती वर्षअखेर मला आठवते. त्या दिवसापासून शाळा सुटताना मी मुलांना काहीच सांगत नसे. घंटा वाजवायची, फाटकात उभं राहायचं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचं. एकतीस भरत. मग मुलं उसातल्या वाटेनं जोड्याजोड्यांनी पांगत. वत्सला आता दुसऱ्या मुलीबरोबर जात असे. हिरा सगळ्यात मागे, एकटी. वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत असे. तिचा डावा हात अंगापासून थोडा बाजूला असे, बोटं मिटलेली, आणि ती रस्त्याची अर्धी बाजू मोकळी सोडून चाले.